कार्यालयाच्या ई-मेलमधून गावच्या भ्रमणध्वनीवर

मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातील कुक्षी हे तहसिलीचे ठिकाण नर्मदेच्या उत्तरेस, निमाडच्या कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यात वसलेले आहे. पवारांच्या धार संस्थानातील एक परगणा म्हणून मराठी वाचकांना या गावाचे नाव इतिहासातून परिचित असेल. अलीकडील काळात मात्र त्याचा उल्लेख होतो तो सरदार सरोवराच्या फुगवट्यासंदर्भात. हे धरण सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा कुक्षी तहसिलीतील निसरपूर आणि चिखलदा या गावांत पाणी शिरले. पुढे सप्टेंबर २०२३ च्या मध्यास वरच्या भागात अतिवृष्टी होऊन इंदिरा सागर व ओंकारेश्वर या धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले, आणि धार व बडवानी जिल्ह्यांतील नदीकाठ पुन्हा एकदा जलमय झाला. हेच पाणी पुढे महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे याच जलाशयाच्या बाधित क्षेत्रात येतात, हे लक्षात घेतले म्हणजे कुक्षीचा प्रश्न आपल्याही राज्याचा आहे हे सहज ध्यानात येईल.

अशा प्रसंगी पाणी सोडण्याचा निर्णय कुक्षीपासून दूर, खंडवा जिल्ह्यातील धरणस्थळी किंवा त्याहूनही दूरच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो. त्याची वार्ता जिल्हा कार्यालयात बहुधा ई-मेलने येते. ज्याला ती वार्ता खरोखर हवी असते त्या नदीकाठच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र अनेकदा बटणांचा साधा भ्रमणध्वनी असतो. त्यावर इंटरनेट नसते, ई-मेल उघडत नाही. लघुसंदेश, ज्याला सर्वजण एसएमएस म्हणतात, तेवढा मात्र नक्की येतो. कोटवाराची मुनादी आजही उपयोगी पडते. तथापि रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, विखुरलेल्या फळियांतून एका माणसाचा आवाज कितीसा पोहोचणार? तेव्हा कार्यालयातील ई-मेल आणि गावातील लघुसंदेश यांच्यामधील अंतर कसे ओलांडावयाचे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्यावर माणसांचे आणि गुराढोरांचे जीवित अवलंबून राहू शकते. ई-मेलमधून थेट भ्रमणध्वनीवर संदेश पाठविण्याची सोय काय होती, ती कशी चालत असे, आज तिचे काय झाले आणि तिच्या जागी कार्यालयांनी कोणती तयारी करावी, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

एकशे साठ अक्षरांचे मूळ

लघुसंदेश ही मुळात संभाषणासाठी निर्माण झालेली सेवाच नव्हे. भ्रमणध्वनी आणि मनोरा यांच्यामध्ये, कोणी बोलत नसतानाही, सतत काही सांकेतिक देवाणघेवाण चालू असते. यंत्र कोठे आहे, चालू आहे की बंद, त्यावर कोणाचा फोन येत आहे, अशा स्वरूपाची ती असते. या संकेतवाहिनीवर पुष्कळ वेळ जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेतून थोडा मजकूर पाठविता येईल, ही कल्पना १९८० नंतरच्या दशकात युरोपातील तंत्रज्ञांनी पुढे आणली. जर्मनीतील फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये साधी साधी वाक्ये टंकयंत्रावर लिहून त्यांतील अक्षरे मोजली आणि बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसतात असे त्यांना आढळले. लोकांची पोस्टकार्डेही फारशी लांब नसतात, हा आधारही त्यांच्या मनाशी होता. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. म्हणजे या सेवेतील पहिला संदेश दुसऱ्या भ्रमणध्वनीवरून नव्हे, तर संगणकावरूनच आलेला होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नमूद करण्यासारखी आहे.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी केले. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत लघुसंदेशाने तारेची जागा घेतली. तारखात्याची सार्वजनिक सेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. देवनागरीतून तार करण्याची सोय १९४९ पासून होती, आणि तारेत प्रत्येक शब्दाला मोल पडत असल्याने लोकांना थोडक्यात लिहिण्याची सवय होती. ती सवय पुढील पिढीच्या, विशेषतः शासकीय कार्यालयांच्या, अंगवळणी पडली नाही, हे पुढे दिसून येईलच.

पत्त्यात क्रमांक

ई-मेलमधून लघुसंदेश पाठविण्याची मूळ पद्धत मोठी सोपी होती. प्रत्येक भ्रमणध्वनी कंपनी आपल्या ग्राहकांसाठी एक टपालद्वार उघडीत असे. ग्राहकाचा दहा आकडी क्रमांक, पुढे ई-मेल पत्त्यातील 'ॲट'चे चिन्ह आणि त्यापुढे कंपनीच्या टपालद्वाराचे नाव, एवढे लिहिले की पत्ता तयार होई. त्या पत्त्यावर जगातून कोठूनही ई-मेल केले तरी ते त्या ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर लघुसंदेशाच्या रूपाने उमटे. या शतकाच्या आरंभी मुंबईत बीपीएल मोबाइल, महाराष्ट्रात आयडिया, दिल्लीत एअरटेल अशा कंपन्यांची ही टपालद्वारे चालू होती आणि त्यांच्या याद्या प्रसिद्ध होत असत. परदेशी असलेल्या मुलांना येथील आईवडिलांच्या फोनवर चार ओळी पाठविण्यास याचा चांगला उपयोग होई, कारण ई-मेलला वेगळा पैसा पडत नसे आणि येणारा लघुसंदेश विनामूल्य असे.

या द्वाराच्या आत काय घडे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण आजच्या नव्या व्यवस्थेतही यांतील बहुतेक टप्पे कायम आहेत. पाठविलेले ई-मेल प्रथम कंपनीच्या टपाल संगणकाकडे जाते. तेथे पत्त्यातील 'ॲट'च्या डावीकडील भाग हा ग्राहकाचा क्रमांक म्हणून वाचला जातो. ई-मेलचा विषय आणि मजकूर एकापुढे एक जोडले जातात. जोडलेली चित्रे व कागदपत्रे गळून पडतात. ठळक अक्षरे, रंग, तक्ते यांचाही लोप होतो. उरलेला निव्वळ मजकूर संदेश केंद्राकडे सोपविला जातो. हे केंद्र प्रत्येक कंपनीत असते व टपाल कचेरीतील वर्गीकरण कक्षाप्रमाणे काम करते. ते कंपनीच्या ग्राहक नोंदवहीला विचारते की अमुक क्रमांक या घटकेला कोणत्या मनोऱ्याच्या परिसरात आहे. उत्तर मिळाले की संदेश त्या दिशेने रवाना होतो. फोन बंद असेल किंवा आवाक्याबाहेर असेल तर संदेश केंद्रातच राखून ठेवला जातो आणि फोन चालू झाल्याबरोबर पोहोचविला जातो; ठरावीक मुदत, जी बहुधा एक ते तीन दिवसांची असते, उलटली तर तो रद्द होतो.

यातील ग्राहक नोंदवहीचे कार्य कुक्षीसारख्या भागात विशेष महत्त्वाचे ठरते. धार, झाबुआ, अलिराजपूर या जिल्ह्यांतून हजारो मजूर कामासाठी गुजरातेत जातात. अशा मजुराचा क्रमांक मध्य प्रदेशातील असला आणि तो स्वतः सुरतेस बांधकामावर असला, तरी नोंदवहीला त्याचा ठावठिकाणा ठाऊक असतो व संदेश त्याच्यामागे सुरतेस जातो. घरी म्हातारे आईवडील आणि गुरे असतील तर तो तेथून शेजाऱ्याला फोन करू शकतो. मनोऱ्याच्या परिसरातील सर्व यंत्रांवर एकाच वेळी इशारा उमटविणारी जी दुसरी पद्धत आहे, तिच्यात हे घडत नाही. तिचा विचार पुढे येईल.

द्वार का मिटले

इतकी सोयीची व्यवस्था टिकली नाही, याची कारणे तीन सांगता येतील.

पहिले कारण ई-मेलच्या स्वभावातच आहे. ई-मेलवर पाठविणाऱ्याचे नाव म्हणून जे दिसते ते खरे असेलच असे नाही. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे तसाच तो प्रकार आहे. क्रमांक हाच पत्ता असल्याने एकामागून एक क्रमांक जुळवून लाखो लोकांना एका रात्रीत जाहिराती पाठविणे शक्य झाले. जाहिरातींचा उपद्रव सहन करता येईल. परंतु धरणाचे दरवाजे उघडल्याची खोटी वार्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने गावोगाव गेली तर काय होईल, याची कल्पना करावी. उघड्या द्वाराचा खरा धोका तेथे होता.

दुसरे कारण क्रमांक बदलता न कंपनी बदलण्याची सवलत हे होय. ती भारतभर २० जानेवारी २०११ पासून लागू झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही तोच क्रमांक ठेवता येऊ लागला. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. पण क्रमांक पाहून कंपनी ओळखण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. कंपनी ठाऊक नाही तर 'ॲट'च्या उजवीकडे लिहावयाचे काय? शिवाय कंपन्यांचेही विलीनीकरण होत गेले. बीपीएल मोबाइलचे नाव २००९ मध्ये लूप झाले आणि २०१४ मध्ये ती सेवाही संपली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. जुन्या याद्यांतील पत्ते अशा रीतीने एकेक करून निरुपयोगी झाले. अशा याद्या अद्यापही कोठे कोठे वाचावयास मिळतात. त्यांवर विसंबून कोणतीही शासकीय सूचना पाठवू नये.

तिसरे कारण नियमनाचे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने व्यावसायिक संदेशांविषयीचे विनियम डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केले व २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णतः अमलात आले. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये अधिक कडक विनियम आले. त्यांनुसार मोठ्या संख्येने संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली ओळख, आपले शीर्षनाम आणि आपल्या संदेशांचे मसुदे हे सर्व कंपन्यांच्या सामायिक खातेवहीत आगाऊ नोंदवावे लागतात. मार्गातील संगणक प्रत्येक संदेश नोंदलेल्या मसुद्याशी ताडून पाहतो. जुळला नाही तर तो पुढे जात नाही. ही ताडणी ८ मार्च २०२१ रोजी देशभर एकदम सुरू करण्यात आली तेव्हा बँका व इतर संस्थांचे परवलीचे संदेश अडकून पडले, लोकांचे व्यवहार खोळंबले, आणि दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाला ती सात दिवस स्थगित ठेवावी लागली. ज्या संस्थांनी मसुदे वेळेवर नोंदविले नव्हते त्यांचा घोटाळा त्या एका दिवसात सर्वांच्या नजरेस आला.

परदेशातही चित्र वेगळे नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने आपले ई-मेलमधून लघुसंदेशाचे द्वार १७ जून २०२५ रोजी बंद केले. दिनदर्शिकेतील भेटीची आठवण लघुसंदेशाने देण्याची गूगलची सोय त्यापूर्वीच, २७ जून २०१५ रोजी, थांबविण्यात आली होती.

आजची रीत

याचा अर्थ ई-मेलमधून लघुसंदेश पाठविता येत नाही असा नव्हे. द्वार आहे, पण त्यावर पहारा आहे. संस्था नोंदणीकृत संदेश सेवादाराकडे खाते उघडते. ज्या ई-मेल पत्त्यावरून संदेश पाठवावयाचे तो पत्ता त्याच्याकडे नोंदविते. आणि मग त्या पत्त्यावरून, ठरवून दिलेल्या पद्धतीने, ई-मेल केले की सेवादार ते नोंदलेल्या शीर्षनामाखाली व मसुद्यात बसवून भ्रमणध्वनी कंपन्यांकडे सोपवितो. शासकीय कार्यालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची संदेश सेवा उपलब्ध आहे. केंद्र शासनाची 'मोबाईल सेवा' ही व्यवस्था प्रगत संगणन विकास केंद्राच्या मुंबई शाखेने विकसित केली असून तिचा वापरही अनेक विभागांनी केला आहे. ज्या कार्यालयात संगणकप्रणाली आहे तेथे ई-मेलचा टप्पा गाळून प्रणालीतूनच संदेश सोडणे अधिक श्रेयस्कर होय. कारण ई-मेल वाटेत एखाद्या गाळणीत अडकून राहिले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. छोट्या कार्यालयात मात्र ई-मेलची वाट अद्यापही सोयीची पडते.

मसुद्याच्या नोंदणीची एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. मसुद्यात काही शब्द कायम असतात आणि काही जागा रिकाम्या सोडता येतात. गावाचे नाव, पाण्याची पातळी, वेळ असा बदलता मजकूर त्या रिकाम्या जागी भरावयाचा. अशा एका जागेत ठरावीक अक्षरांपर्यंतच मजकूर मावतो. मसुदा मंजूर होण्यास वेळ लागतो. म्हणजेच पूर आलेल्या रात्री नवा मजकूर सुचला, तो कितीही उत्तम असला, तरी पाठविता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील संकेतस्थळाचा दुवादेखील आधी नोंदलेला असावा लागतो. नियम जाचक वाटतील. परंतु खोट्या संदेशांनी लोकांचे जे नुकसान केले आहे ते पाहता त्यांस पर्याय दिसत नाही. वीजबिल भरले नाही म्हणून आज रात्री पुरवठा तोडला जाईल, अशा बनावट संदेशांना भुलून अनेकांनी बँकेतील पैसे गमावले आहेत.

फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीमुळे नागरिकालाही एक उपयुक्त खूण मिळाली आहे. संदेशाच्या शीर्षनामाच्या अखेरीस आता एक रोमन अक्षर येते. जाहिरातीसाठी 'पी', सेवाविषयक संदेशासाठी 'एस', व्यवहारासाठी 'टी' आणि शासनाच्या संदेशासाठी 'जी'. गावातील ज्यांना वाचता येते अशा मुलामुलींना ही खूण दाखवून ठेवावी. दहा आकडी साध्या क्रमांकावरून आलेला, शासनाच्या नावाने पैसे किंवा परवलीचा आकडा मागणारा संदेश खोटा समजावा. नको असलेल्या संदेशांची तक्रार १९०९ वर, आणि पैशाची फसवणूक झाल्यास ती विनाविलंब १९३० या क्रमांकावर करता येते.

सत्तर घरांचा हिशेब

आता लिपीविषयी. हा भाग कार्यालयांतून सर्वाधिक दुर्लक्षिला जातो, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडणे योग्य होईल.

एका लघुसंदेशात १४० अष्टकांची जागा असते. रोमन अक्षर सात अंशांत बसते, त्यामुळे १६० अक्षरे मावतात. देवनागरी अक्षराला सोळा अंश लागतात. त्यामुळे तीच जागा अवघ्या ७० अक्षरांत भरते. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर असले तरी संपूर्ण संदेशाला हीच मर्यादा लागू होते. संदेश त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे पाडले जातात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याच्या खुणेसाठी काही जागा जात असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरेच राहतात. तुकड्यागणिक आकारणी होते. त्याहून वाईट म्हणजे जाळे कमकुवत असेल तर पहिला तुकडा मागे राहून दुसराच आधी पोहोचू शकतो.

येथे अक्षर म्हणजे आपण बोलताना ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातील अदृश्य हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र घर लागते. 'कुक्षी' या नावात आपण दोनच अक्षरे उच्चारतो. यंत्र मात्र सहा घरे मोजते, क, उकार, पुन्हा क, हलन्त, ष आणि वेलांटी. 'नर्मदा' यालाही सहा घरे लागतात. 'महाराष्ट्र' हा शब्द एकटाच दहा घरे व्यापतो. कुक्षी हे नाव रोमन लिपीतही सहाच अक्षरांचे आहे. फरक इतकाच की तेथे एकूण घरे १६० आहेत आणि येथे ७०.

हा हिशेब मनात ठेवून आता शासकीय भाषेकडे पाहावे. 'याद्वारे सर्व संबंधित नागरिकांस कळविण्यात येते की' ही आपल्या परिपत्रकांतील नेहमीची सुरुवात मोजली तर ४९ घरे होतात. सत्तरपैकी एकोणपन्नास घरे खर्ची पडली आणि अद्याप कोणाला काहीच कळलेले नाही! याउलट पुढील मजकूर पाहावा : 'नर्मदेचे पाणी वाढत आहे. गुरे घेऊन उंच जागी जा. नदीकाठी थांबू नका.' विरामचिन्हे व मोकळ्या जागा धरून त्याची ६५ घरे होतात. एका संदेशात तो बसतो, न तुटता पोहोचतो, आणि काय घडत आहे, काय करावयाचे, काय करावयाचे नाही या तिन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. अक्कलकुव्याच्या काठावर तो मराठीत जाईल, कुक्षीच्या बाजूस हिंदीत; देवनागरी एकच असल्याने मोजणीची रीत बदलत नाही. पावरी, भिली वा निमाडी बोलणाऱ्या घरांसाठी त्या त्या बोलीतील शब्द वापरून मसुदा केल्यास तो अधिक लवकर समजेल, आणि नोंदणीच्या नियमांची त्यास आडकाठी नाही.

मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहून जागा वाचविण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. तिची शिफारस करवत नाही. शाळेत चार इयत्ता देवनागरी शिकलेला मनुष्य ती अक्षरे अडखळत का होईना वाचतो; रोमन लिपीतील मराठी त्याला वाचता येत नाही आणि ज्याला येते तोही 'वाढ' आणि 'वाड' यांत गोंधळतो. पूर्वी अनेक भ्रमणध्वनींवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटत, ही अडचण खरी होती. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या भ्रमणध्वनीवर अनुसूचित भारतीय भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे असे ठरविण्यात आले. जुनी यंत्रे अजून वापरात आहेत, तेव्हा गावात संदेश सुरू करण्यापूर्वी चार-सहा घरांतील यंत्रांवर तो दिसतो की नाही हे प्रत्यक्ष पाहून घेणे बरे.

पोहोचणे आणि उपयोगी पडणे

महाराष्ट्राला या क्षेत्रात बराच अनुभव आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७ मध्ये शेतकऱ्यांना बाजारभाव व हवामान लघुसंदेशाने कळविण्याची सशुल्क सेवा आपल्याच राज्यात, मराठीतून, सुरू केली होती. कृषी विभागाने २००९-१० पासून पिकांवरील किडी व रोगांच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यातील सल्ले शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठविण्यास प्रारंभ केला. केंद्र शासनाच्या 'एम-किसान' सेवेचे उद्घाटन १६ जुलै २०१३ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले.

रॉयटर्सच्या सेवेचा अभ्यास मार्सेल फॅफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत केला व त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पदरी पडलेल्या भावात, न मिळणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरीने लक्षणीय वाढ त्यांना आढळली नाही. हा निष्कर्ष उत्साहभंग करणारा वाटेल. पण तो विचारात घेतला पाहिजे. दूरच्या बाजाराचा भाव कळला तरी माल तेथे नेण्यास गाडी नसेल, किंवा उचल घेतलेल्या व्यापाऱ्यालाच माल घालावा लागत असेल, तर त्या माहितीचे शेतकरी काय करणार? पुराच्या इशाऱ्यालाही हेच लागू आहे. 'उंच जागी जा' असे कळविताना ती जागा कोणती, तेथे छप्पर व चारा आहे काय, वाटेतील नाला तोवर भरलेला नसेल ना, याची व्यवस्था आधी झालेली असावी लागते.

इशाऱ्यासाठी आणखी एक मार्ग आता उपलब्ध झाला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट ही संस्था यांनी उभारलेल्या 'सचेत' व्यवस्थेतून ठरावीक भूभागातील भ्रमणध्वनींवर इशारे पाठविता येतात. २०२३ मध्ये देशभर अनेकांच्या यंत्रांवर मोठा आवाज होऊन चाचणीचा संदेश झळकला होता, तो याच प्रयत्नांचा भाग होता. मनोऱ्यावरून प्रक्षेपित होणाऱ्या अशा इशाऱ्याला क्रमांकांची यादी लागत नाही. वाटसरू, यात्रेकरू, पाहुणा, जो कोणी त्या परिसरात असेल त्याला तो मिळतो. मात्र सर्वच जुनी यंत्रे तो दाखवीत नाहीत, आणि सुरतेस गेलेल्या मजुराला तो मिळत नाही. म्हणून प्रक्षेपण आले तरी लघुसंदेशाची यादी टाकून देता येणार नाही. आणि मनोऱ्याची वीजच गेली व डिझेल संपले तर दोन्ही मार्ग खुंटतात; त्या वेळी कोटवार आणि त्याची मुनादी हाच आधार राहतो. त्याच्या फोनचा क्रमांक यादीत सर्वांत वर असावा.

मृगापूर्वीची तयारी

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट दिसून येईल. पूर्वी क्रमांक व कंपनी ठाऊक असली की ऐन वेळी संदेश पाठविता येत असे. आता ऐन वेळी करण्याजोगे फार थोडे उरले आहे. जे करावयाचे ते एप्रिल-मे महिन्यांतच उरकावे लागते. कार्यालयाची नोंदणी चालू स्थितीत आहे काय, शीर्षनामाची मुदत संपलेली नाही ना, हे प्रथम पाहावे. इशारा, स्थलांतर, पाणी ओसरल्याची सूचना आणि अफवेचे खंडन, असे किमान चार मसुदे नोंदवून ठेवावेत. यांपैकी शेवटचा मसुदा करण्यास बहुतेक कार्यालये विसरतात; वस्तुतः धरण फुटल्याची आवई उठते त्या रात्री त्याचीच सर्वाधिक निकड भासते. प्रत्येक मसुद्याची घरे मोजून तो सत्तरात बसवावा. ज्या ई-मेल पत्त्यावरून संदेश सुटणार त्याचा परवलीचा शब्द एकाच कर्मचाऱ्याजवळ असू नये, आणि भिंतीवर चिकटवूनही ठेवू नये.

क्रमांकांच्या यादीला मात्र सर्वांत अधिक श्रम पडतात. पुनर्वसनात गावे हलतात, माणसे फोन बदलतात, घरातील एकमेव फोन कामाला गेलेल्या मुलाबरोबर गुजरातेत असतो. म्हणून प्रत्येक घरातून दोन क्रमांक घ्यावेत, एक घरी राहणाऱ्याचा व एक बाहेरगावी असणाऱ्याचा. फोन नसलेल्या घरापुढे शेजाऱ्याचे नाव लिहावे. त्यानंतर मे अखेरीस दिवसा एक चाचणी संदेश सोडावा. पोहोच अहवालात जे क्रमांक निरुत्तर दिसतील त्यांची गावनिहाय यादी करून ती गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडे द्यावी, आणि त्याने त्या घरी जाऊन नवा क्रमांक आणावा.